चांदबीबी सुलताना : अधिकार आणि अमानत

दख्खनच्या इतिहासात चांदबीबी सुलताना यांचे नाव आदराने घेतले जाते. अहमदनगरच्या हुसेन निजामशाह (पहिले) यांच्या त्या कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशाह (पहिले) यांच्या पत्नी. १५८० मध्ये पतीची हत्या झाल्यावर अल्पवयीन इब्राहीम आदिलशाह यांच्या वतीने त्यांनी काही काळ राज्यकारभार सांभाळला. पुढे त्या माहेरी परतल्या.

१५९५ मध्ये इब्राहीम निजामशाह रणांगणावर कामी आले आणि अहमदनगरच्या सरदारांत वारसाहक्कावरून तट पडले. मियाँ मंजू या मातब्बर सरदाराने आपला पक्ष बळकट करण्यासाठी अकबर बादशाहांचे पुत्र शहजादा मुराद यांना पाचारण केले. डिसेंबरमध्ये मोगल फौज वेशीवर येऊन ठेपली. तोवर मियाँ मंजू पस्तावला होता. परंतु विजापूर व गोवळकोंड्याची कुमक आणण्याच्या निमित्ताने तो शहर सोडून गेला. ज्याच्या सत्तालोभाने युद्ध ओढवले, तो तटाबाहेर. आणि तटावरचे मरण साध्या शिपायांच्या वाट्याला!

चांदबीबींनाही विजापूरचा आश्रय सहज मिळाला असता. त्या मात्र किल्ल्यातच राहिल्या. शत्रूने तटाखाली पेरलेले काही सुरुंग त्यांनी शोधून निकामी करविले. एक सुरुंग उडून तटाला मोठे खिंडार पडले, तेव्हा चेहऱ्यावर नकाब आणि हाती तलवार घेऊन त्या स्वतः तेथे उभ्या ठाकल्या. मागे सरलेले सैनिक परतले. रातोरात खिंडार बुजविले गेले. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड गेले, पण राज्य वाचले आणि बाल बहादूर निजामशाह यांना मान्यता मिळाली.

१६०० मध्ये शहजादा दानियाल यांनी पुन्हा वेढा घातला. दरबारातील फाटाफूट पाहून लोकांचे प्राण वाचविण्यासाठी चांदबीबींनी तहाचा विचार मांडला. हमीदखानाने त्या शत्रूला मिळाल्याची हूल उठविली आणि स्वकीयांनीच त्यांची हत्या केली. त्याच वर्षी किल्लाही पडला.

इस्लामच्या दृष्टीने अधिकार ही अमानत आहे. खंदकच्या प्रसंगी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपाशीपोटी सहकाऱ्यांसोबत स्वतः माती उपसली. तबूकच्या वेळी दुर्बल, आजारी आणि साधनहीन यांना सवलत होती. ऐपत असूनही सबबी सांगणाऱ्यांची मात्र सूरह तौबामध्ये कठोर निर्भर्त्सना आहे. पद जितके मोठे, तितकी जबाबदारी मोठी, हे आपल्या मुलामुलींना सांगताना चांदबीबींचे चरित्र अवश्य सांगावे. अल्लाह आपणा सर्वांना अमानत पाळण्याचे बळ देवो. आमीन.