हचिन्सन यांनी पाहिलेला मुलगा

प्रोजेरिया हा आजार आपल्यापैकी बऱ्याच जणांना 'पा' सिनेमामुळे माहीत झाला. त्याचं पूर्ण नाव हचिन्सन-गिलफोर्ड प्रोजेरिया. यातले हचिन्सन कोण, म्हणून मी शोधायला लागले, आणि माणूस भलताच हट्टी निघाला.

जोनाथन हचिन्सन यांचा जन्म १८२८ सालचा, यॉर्कशरमधल्या सेल्बी गावी, क्वेकर पंथाच्या घरात. यॉर्कला उमेदवारी करून ते लंडनला आले नि सर्जन झाले. डोळे, कातडी, उपदंश, सगळ्यातच त्यांची नजर तयार. जन्मजात उपदंशात मुलांच्या दातांना पडणाऱ्या खाचा त्यांनी ओळखल्या, त्या दातांना आजही त्यांचंच नाव आहे.

यॉर्कहूनच आलेला एक तरुण डॉक्टर, ह्यूलिंग्ज जॅक्सन, वैद्यकी सोडून तत्त्वज्ञानाकडे वळायच्या बेतात होता. हचिन्सन यांनी त्याचं मन वळवलं. पुढे हाच जॅक्सन अपस्माराचा आणि मेंदूविकारांचा मोठा अभ्यासक झाला. साहित्य मंडळाची सभासद म्हणून मी तत्त्वज्ञानाची बाजू घ्यायला हवी खरी, पण इथे घेणार नाही.

१८८६ साली त्यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. अंगावर केस नाहीत, कातडी वाळलेली. मुलाच्या आईला सहाव्या वर्षापासून जवळजवळ पूर्ण टक्कल होतं, हे त्यांनी लेखाच्या मथळ्यातच घातलं. आनुवंशिकतेचा वास त्यांना आला होता. प्रत्यक्षात हा दोष बहुतेक वेळा आईबापांकडून येत नाही, त्या मुलातच नव्याने होतो. असेच रुग्ण तपासून गिलफोर्ड यांनी १९०४ साली 'प्रोजेरिया' हे नाव दिलं, आणि जनुकातलं एक अक्षर बदलल्यामुळे हे घडतं हे कळायला २००३ साल उजाडलं.

मला सगळ्यात चटका लावून गेली ती मेंदूची गोष्ट. शरीर म्हातारं होतं, पण मेंदूच्या पेशी त्यातून बऱ्याच वाचतात, कारण ज्या प्रथिनात बिघाड होतो ते त्या फारच थोडं बनवतात. मूल आपल्या वयाप्रमाणे शिकतं, हसतं, भांडतं. पण मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कडक नि अरुंद होत जातात. त्यामुळे लहान वयातच पक्षाघाताचे झटके येतात. काही तर कुणाला कळतही नाहीत, स्कॅनमध्ये मागाहून दिसतात. म्हणजे सगळं समजणारं मन, आणि त्याला पोसणाऱ्या नळ्या म्हाताऱ्याच्या.

एवढ्या बारीक नजरेचा हा डॉक्टर कुष्ठरोगाबाबत मात्र साफ चुकला. हॅन्सन यांनी १८७३ सालीच त्याचे जंतू पाहिले होते. तरी हचिन्सन म्हणत राहिले की दोष नीट न खारवलेल्या माशांचाच. पुरावे गोळा करायला ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर भारतातही येऊन गेले! आमच्या गोव्यात पावसाळ्यात सुक्या बांगड्याशिवाय घास उतरत नाही, तेव्हा हा आरोप मी जरा मनाला लावूनच घेतला.

१९०६ साली त्यांनी यावर आख्खं पुस्तक लिहिलं. १९०८ साली 'सर' झाले, १९१३ साली वारले. माशांवरचा आरोप त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतला नाही.