सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

दिवाळीच्या सुट्टीत हजीऱ्याला घरी गेले होते. बाबांची रात्रपाळी झालेली, पण दुपारी त्यांना काही झोप येईना. म्हणून आम्ही दोघांनी व्ही. शांताराम यांचा १९४६चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ लावला. आम्ही मूळचे सोलापूरचे, त्यामुळे कोटणीस म्हणजे आमचंच माणूस. पण खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल मला शाळेतल्या चार ओळींपलीकडे काही ठाऊक नव्हतं. सिनेमा बघितला आणि मग वाचत गेले.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपाननं चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली आणि काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. पुढच्या शिक्षणाची तयारी बाजूला ठेवून कोटणीस सप्टेंबर १९३८मध्ये मुंबईहून बोटीत बसले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं.

तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली. ते परतले नाहीत.

हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा उठून खिडकीपाशी गेले. आमचे आजोबा गेले तेव्हा हजीऱ्याहून सोलापूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. एका रात्रीचा प्रवास, तोही कमी पडला. घरी तो विषय कुणी काढत नाही.

पाचांतले बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी आले. कोटणीस मात्र जपान्यांनी वेढलेल्या उत्तर चीनमध्ये राहिले. १९४०च्या एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, असं सांगतात. १९४१मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवू लागले, शस्त्रक्रियेवर पुस्तकं लिहायला घेतली. त्याच वर्षी को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ला कोटणीस गेले. सिनेमात ते प्लेगशी झुंजताना दाखवलेत. प्रत्यक्षात त्यांना अपस्माराचे झटके येत होते आणि त्या दुखण्यातही काम चालूच होतं. मला वाटतं, शांतारामबापूंना हे असंच ठेवता आलं असतं. प्लेगची गरज नव्हती.

शेवटचा प्रसंग मात्र मला पटला: बायको बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. खऱ्या छिंगलानही पुढे भारतात आल्या, कोटणीसांच्या माणसांना भेटल्या. यिनहुआ वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच १९६७मध्ये वारला. त्यानंतरही त्या खूप वर्षं जगल्या, २०१२पर्यंत.

संध्याकाळी बाबा पाळीला निघाले. बूट घालता घालता त्यांनी विचारलं की, वडील गेल्याचं पत्र कोटणीसांना किती दिवसांनी मिळालं असेल. मला सांगता येईना. मग म्हणाले, येताना आजीला फोन करतो.