संत इझाबेल आणि तिचे नाव

आपल्या रेवदंडा-कोर्लईच्या किनाऱ्यावर इझाबेल हे नाव आले पोर्तुगीजांबरोबर. मूळ नाव एलिझाबेथ, योहान बाप्तिस्ताच्या आईचे. हिब्रूत ते एलिशेवा, म्हणजे माझा देव हीच माझी शपथ. स्पेन-पोर्तुगालकडे त्याचे इझाबेल झाले.

या नावाची संत राणी १२७१ साली आरागॉनच्या राजघराण्यात जन्मली. हंगेरीची संत एलिझाबेथ ही तिच्या आजीची सावत्र बहीण. तिच्यावरूनच बाळाचे नाव ठेवले. १२८२ मध्ये, अजाण वयातच, पोर्तुगालचा राजा दिनिस याच्याशी तिचे लग्न झाले. दिनिस कर्तबगार होता, कवीही होता, पण बायकोशी एकनिष्ठ नव्हता. त्याची बाहेरची मुलेसुद्धा इझाबेलने सांभाळली. हे सोपे नव्हे!

त्यातल्याच एका सावत्र भावाच्या मत्सराने तिचा मुलगा अफोन्सो बापाविरुद्ध उठला. १३२३ मध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाकली, तेव्हा राणी स्वतः मध्ये पडली आणि लढाई टळली. १३२५ मध्ये दिनिस वारल्यावर ती कोइंब्रा येथे क्लारा भगिनींच्या मठाशेजारी राहून गोरगरिबांची सेवा करू लागली. १३३६ मध्ये अफोन्सो आणि कॅस्टिलचा राजा यांच्यात युद्ध पेटू लागले. म्हातारी राणी समेटासाठी पुन्हा निघाली आणि ४ जुलैला एस्त्रेमोझ येथे मरण पावली.

गरिबांसाठी पदरात लपवलेल्या दानाची फुले झाल्याची कथा दोन्ही एलिझाबेथांबद्दल सांगतात. इझाबेलला १६२५ मध्ये संतपद मिळाले, तेव्हा आपले चौल पोर्तुगीजांकडेच होते.