गाडगे, खराटा आणि चिंध्या

क्योतोच्या एका मठात सहा फळांचे जुने चित्र जपून ठेवलेले आहे. मूची या तेराव्या शतकातील चिनी भिक्षूचे ते समजतात. ताट नाही, मेज नाही. शाईने रंगवलेली फळे आणि भोवती कोरी जागा. जपानी रसिक त्याला फार मानतात. पुस्तकात ते पाहिले आणि मला आपले गाडगेबाबा आठवले. त्यांचे चित्र काढायला माणूस काढावाच लागत नाही. एक खापर, एक खराटा, थोड्या चिंध्या. वऱ्हाडातले शेंबडे पोरही नाव सांगेल.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात झाला. दारूने वडील गेले, तेव्हा आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली. तेथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला. मामाची शेती सावकाराच्या घशात जाताना त्याने पाहिली. १९०५ साली त्याने घर सोडले. मागे आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे होती. चरित्रकार हा भाग चटकन आवरतात. मला तो तितका सोपा वाटत नाही.

पुढचा वेश सर्वांना ठाऊक आहे. डोक्यावर फुटके गाडगे, त्यातच भाकरी खायची. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. लोकांनी टाकलेलेच त्यांनी अंगावर घेतले. खराटा मात्र मिरवायला नव्हता. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मने. सावकारी, दारू, पशुबळी, शिवाशिव यांवर ते प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढीत.

आपल्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. बाबाही तेथे जात, पण देवळापेक्षा वाळवंट झाडण्यात रमत. अस्पृश्य वारकऱ्यांना तेथे निवारा नव्हता, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ऋणमोचनचा घाट, नाशिकची धर्मशाळा, कितीतरी सदावर्ते! लाखोंची कामे झाली, पण जेवण खापरातच राहिले.

१९२३ साली मुलगा गोविंदा वारल्याची बातमी कोकणात कीर्तन चालू असताना आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबांनी देह ठेवला.