सार्वजनिक काका : फी न घेता उभा राहिलेला वकील

एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा विषय निघाला की न्यायमूर्ती रानडे यांचे नाव सर्वांत आधी ओठांवर येते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून झिजलेले गणेश वासुदेव जोशी मात्र मागे राहतात. १८२८ साली सातारा येथे जन्मलेला हा गृहस्थ पुण्यात वकिली करू लागला आणि लोकांच्या कामाचा भार इतका वाहू लागला की पुणेकरांनी त्याचे मूळ नाव जवळजवळ पुसून टाकून त्यास सार्वजनिक काका म्हटले.

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली, तीही वकिली पद्धतीनेच. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा, असा नियम होता. सुमारे सहा हजार लोकांचे ९५ मुखत्यार त्या सभेत बसले. ज्याच्या वतीने बोलायचे त्याची सही आधी घ्यावी, हा दंडक आजच्या कित्येक पुढाऱ्यांना जड जाईल! १८७२ पासून काकांनी खादीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते त्याच जाड्याभरड्या वेषात गेले.

त्या काळी कोर्टाची पायरी चढणे गरिबास परवडत नसे. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने दाव्याच्या रकमेप्रमाणे मुद्रांक लागे. त्यावर वकिलाची फी आणि हेलपाटे. दख्खनचा कुणबी तारखेस हजरच राहत नसे, आणि सावकारास एकतर्फी हुकूमनामा मिळे. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली, ती याच कारणाने. यावर रानडे व काका यांनी काढलेला उपाय म्हणजे लवाद कोर्ट. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने पंच नेमावेत, पंचांनी ऐकून निवाडा द्यावा, खर्च नाममात्र. आज सिल्वासाच्या न्यायालयात भरणारी लोकअदालत आपल्याला नवी वाटते, पण तिचे बीज तेथे आहे. (१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अनुसूचित जमातींच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस, मिळकत न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. खानवेल-मांदोनीकडच्या किती वारली बांधवांना हे ठाऊक आहे, याची मला शंका आहे.)

परंतु काकांची खरी कसोटी १८७९ साली लागली. मे महिन्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा आगीत सापडले. सरकारचा संशय पुण्याच्या सुशिक्षितांवर वळला आणि रानडे यांची धुळ्यास बदली झाली. अशा दिवसांत, जुलै महिन्यात, बंडखोर वासुदेव बळवंत फडके पकडले जाऊन पुण्यास आणले गेले. लष्करी हिशेब खात्यातील हा माजी कारकून रामोशांना जमवून सरकारविरुद्ध उठला होता. त्याचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर पाळत ओढवून घेणे. भले भले वकील मागे सरले. सार्वजनिक सभेचा प्राण असलेल्या काकांस तर गमावण्यासारखे सर्वांहून अधिक होते. एका वकीलपत्रापायी सभेवर किटाळ येण्याचा धोका होता. तरीही ते विनामूल्य उभे राहिले. फडक्यांच्या मार्गाशी काकांचे मत जुळत नव्हते. त्यांचा मार्ग अर्ज-विनंतीचा, चौकशीचा, कायद्याचा. पण आरोपी कितीही मोठ्या गुन्ह्याचा असो, त्यास बाजू मांडणारा हवा, हे त्यांनी कृतीने सांगितले. आणि माझ्या मते सभेच्या सर्व अर्जांहून हे कार्य मोठे आहे. पुरावा बिकट होता. फडक्यांची स्वहस्ते लिहिलेली रोजनिशीच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होती. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

त्यानंतर काका फार दिवस जगले नाहीत. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचे अशील तेव्हा एडनच्या तुरुंगात होते. तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याचाही अंत झाला.