बापाचा धडाका, मुलाची शांतता

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. डोंबिवलीत फडके रोडच्या आतल्या गल्लीत तुम्ही सेमिस्टरचं टेन्शन घेऊन पुस्तक उघडून बसलाय. तेवढ्यात खालून एक बुलेट जाते. धड् धड् धडाड! कुत्री भुंकायला लागतात, शेजारचं बाळ रडायला लागतं आणि आपण कुठल्या ओळीवर होतो तेच तुम्ही विसरता. ठाण्यात घोडबंदर रोडला राहत असाल तर हा रोजचाच कार्यक्रम. गाडीचा मूळचा सायलेन्सर काढायचा, मोठ्या आवाजाचा बसवायचा आणि त्यासाठी वर पैसेही मोजायचे, ही आपल्याकडची हौस!

आता गंमत बघा. सायलेन्सर हे नाव ज्या माणसाने घरोघरी पोचवलं, त्याने ते आधी गाडीला नव्हे, बंदुकीला लावलं होतं. त्याचं नाव हायरम पर्सी मॅक्सिम. आडनाव ओळखीचं वाटतंय? वाटणारच. मॅक्सिम गन तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असेल. ती बनवणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे याचे वडील.

वडिलांनी १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये ही मशीनगन तयार केली. गोळी सुटताना बंदूक मागे जो दणका देते, त्याच दणक्यावर पुढची गोळी आपोआप भरली जायची. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या. युरोपातल्या सैन्यांनी ती आफ्रिकेत नेली आणि भाले घेऊन उभ्या असलेल्या माणसांवर चालवली. वडिलांना इंग्लंडमध्ये 'सर' ही पदवी मिळाली. पण आयुष्यभर बंदुकांशेजारी उभं राहून त्यांचे स्वतःचे कान मात्र जवळजवळ गेले.

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनचा. तो साधारण बारा वर्षांचा असताना वडील कामासाठी युरोपात गेले ते तिकडचेच झाले. दुसरा संसारही तिकडेच मांडला. पोरगा आईजवळ वाढला. हुशार इतका की १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याला सतरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्या वयात आपण अकरावीची कट-ऑफ लिस्ट बघत असतो!

पहिली महत्त्वाची नोकरी लिन या गावी तोफगोळ्यांच्या कारखान्यात. एका रात्री तो सायकलने सेलम गावाहून लिनला परत येत होता. एका मुलीला भेटायला गेला होता म्हणे, तेव्हा उशीर का झाला ते विचारू नका. अंधारात पेडल मारता मारता त्याच्या डोक्यात आलं, की सायकलला छोटं इंजिन बसवलं तर? दुसरीकडे कुणी असं काही करतंय याची त्याला खबरही नव्हती. कारखान्यात तोफगोळ्याचं रिकामं काडतूस होतं. त्यात पेट्रोलचा थेंब टाकून पेटवून बघितला आणि एवढ्याशा थेंबात किती ताकद आहे ते त्याला कळलं. पुढे त्याने इंजिनवर चालणारी तीनचाकी बनवली आणि १८९५ मध्ये हार्टफर्डच्या पोप कंपनीत त्याला मोटारी बनवण्याचं काम मिळालं.

गाडी चालायला लागली, पण आवाज! घोडे उधळायचे, लोक शिव्या घालायचे. त्यात बंदुकीच्या आवाजाने आपल्या बापाचे कान कसे गेले हे पर्सीला ठाऊक होतं. इंजिन असो वा बंदूक, आवाजाचं कारण एकच. कोंडलेला गरम वायू एका झटक्यात बाहेर पडतो आणि हवेला धक्का देतो. फुगा टाचणीने फोडला तर फट्ट, पण तोंडाची गाठ सैल करून हवा हळूहळू सोडली तर नुसती फुस्स. हवा तेवढीच, फरक फक्त बाहेर पडायला किती वेळ मिळाला याचा.

हा वेळ द्यायचा कसा? असं सांगतात, की आंघोळीचं टब रिकामं होताना पाणी भोवऱ्यासारखं फिरत भोकातून जातं, ते बघून त्याला युक्ती सुचली. वायूलाही असंच गरगर फिरवलं तर तो सावकाश बाहेर पडेल. त्याने नळीच्या आत वळणदार पडद्या बसवल्या. गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते, मागून येणारा वायू मात्र पडद्यांत अडकतो, फिरतो, थंड होतो आणि दमून बाहेर येतो. ३० मार्च १९०९ रोजी त्याला पेटंट मिळालं. नंतरच्या मॉडेलमध्ये त्याने भोक मधोमध न ठेवता वरच्या बाजूला सरकवलं. त्यामुळे नळीचा फुगीर भाग खाली लोंबतो आणि नेम धरताना डोळ्यांसमोर काही आड येत नाही.

तुम्ही कॉलेजच्या एनसीसीत असाल तर पॉइंट टू-टू रायफल हाताळली असेल. तिची गोळी साध्या शिशाची. मॅक्सिमचे सायलेन्सर अशा छोट्या रायफलींसाठी खूप खपले आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. शिसं मऊ. जेमतेम ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून लोक घरच्या शेगडीवर वितळवून साच्यात गोळ्या ओतायचे. अशी नुसती ओतीव गोळी फार वेगाने सोडली तर तिचं शिसं नळीला आतून चोपडलं जातं, नेम बिघडतो. म्हणून ती हळू सोडायची. आणि हळू गोळीलाच सायलेन्सर खरा मानवतो. कारण गोळी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, जोरात गेली तर ती वाटेत हवेतच चाबकासारखा कडाका काढते. तो कडाका नळीच्या टोकाला बसवलेल्या कुठल्याच यंत्राला थांबवता येत नाही.

पण शिशाची दुसरी बाजूही आहे. त्याचे कण आणि गोळीला लावलेलं मेण पडद्यांवर साचत जातं. म्हणून शिशाच्या गोळ्यांसाठी उघडून साफ करता येणारी नळी बरी. आणि ती साफ करणंही जपूनच करायचं, कारण शिशाची धूळ विषारी. लहान मुलांच्या मेंदूला तर ती फारच घातक.

आणि हो, सिनेमातला व्हिलन पिस्तुलाला नळी फिरवून बसवतो आणि फक्त 'फुट्' ऐकू येतं ना, ते विसरा. बंदुकीचा आवाज १४० ते १६० डेसिबल असतो. सायलेन्सरने त्यातले साधारण २० ते ३० डेसिबल कमी होतात. कान वाचतात, शेजाऱ्यांची झोप कमी मोडते, पण आवाज गायब होत नाही.

पर्सीला एवढंच हवं होतं. नेमबाजी करा, पण गावाला त्रास नको. थिओडोर रूझवेल्ट यांच्या रायफलवरसुद्धा त्याचा सायलेन्सर होता. पण लोकांच्या मनात भीती बसली, की याने चोरून शिकार होईल, गुपचूप खून पडतील. काही राज्यांनी लवकरच बंदी घातली. १९३४ मध्ये अमेरिकेत केंद्रीय कायदा आला आणि काही डॉलरांना मिळणाऱ्या वस्तूवर २०० डॉलरचा कर बसला. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा आवाज कमी करणारं साधनही 'अग्निशस्त्र' यातच मोडतं. म्हणजे बंदूक नसलेली नुसती नळीसुद्धा कायद्याला बंदूकच. हा कायदा चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. भीती खोटी नव्हती. पण शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून केलेली वस्तू खुन्याचं हत्यार म्हणून ओळखली गेली, हे पर्सीच्या नशिबी आलं.

तो रडत बसला नाही. त्याची कंपनी इंजिनांचे, कारखान्यांचे आवाज कमी करण्याकडे वळली. आणि त्याच वेळी त्याला दुसरंच वेड लागलं होतं, रेडिओचं. १९१४ मध्ये त्याला हार्टफर्डहून स्प्रिंगफील्डला निरोप पाठवायचा होता. अंतर काही फार नव्हतं, पण त्याच्या यंत्राचा सिग्नल पोचेना. मग मधल्या गावातल्या एका हौशी रेडिओवाल्याने तो ऐकला आणि पुढे पाठवला. पर्सीच्या डोक्यात चक्र फिरलं. गावोगावचे असे लोक एकमेकांना जोडले तर? क्लॅरेन्स टस्का या तरुण मित्राबरोबर त्याने अमेरिकन रेडिओ रिले लीग काढली. १९२५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटना झाली, तिचा पहिला अध्यक्षही तोच. आज ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो ती ही मंडळी. १९९३ च्या किल्लारी भूकंपात फोन बंद पडले तेव्हा निरोप पोचवायला असेच हॅम धावले होते.

ज्या बापाने लहानपणीच घर सोडलं, त्याच्यावर पर्सीने शेवटी एक पुस्तक लिहिलं. कडवटपणा न आणता, चक्क हसतखेळत. ते १९३६ मध्ये आलं. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला, प्रवासात आजारी पडून, कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावी तो गेला.

आता पुन्हा आपल्या गल्लीत या. नियमाप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे. तरी रात्री साडेअकराला बुलेट धडाडतेच, कारण ती चालवणारा बहुतेक वेळा आपल्याच वर्गातला, आपल्याच कट्ट्यावरचा असतो.

त्या मित्राला पोलिसांची भीती घालू नका, त्याचा उपयोग होत नाही. त्याला या पर्सीची गोष्ट सांगा. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, हेही सांगा. ज्याचा बाप जगातली सगळ्यात धडाडणारी बंदूक बनवून बहिरा झाला, त्या पोराने आयुष्य घालवून एक नळी बनवली. तिचाच भाऊबंद तुझ्या गाडीला कंपनीने फुकट लावून दिला होता. तो काढून फेकायला तू किती पैसे दिलेस रे?