मॅगझिन बदलायला वेळ नव्हता

आमच्या होस्टेलवर रात्रीचं जेवण उरकलं की मोबाइलवर लढाईचा गेम सुरू होतो. उद्या व्हायवा असली तरी त्यात खंड नाही. आणि त्यातलं एक भांडण ठरलेलं. धुळ्याचा आमचा एक मित्र टॉमी गनचा भक्त, तर भुसावळचा दुसरा असॉल्ट रायफलशिवाय कशाला हात लावत नाही. कोणती भारी, यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत वाद चालतो. गेममध्ये गोळ्या संपल्या की एक बटण दाबायचं, दोन-तीन सेकंदांत नवं मॅगझिन हजर!

मित्रांनो, १० जुलै १९४४ रोजी इटलीत एका मराठी माणसाला हे दोन-तीन सेकंद मिळाले नाहीत. त्याच्या हातात टॉमी गनच होती. वय होतं २२, म्हणजे आपल्यातल्या फायनल इयरवाल्यांएवढं. त्यांचं नाव नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस.

यशवंतरावांचा जन्म नोव्हेंबर १९२१ चा. गाव कोकणातलं, माणगावजवळचं पळसगाव. आज तो रायगड जिल्हा आहे, तेव्हा कुलाबा म्हणायचे. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांतून पिढ्यानपिढ्या तरुण पोरं पलटणीत जात आली आहेत. यशवंतरावही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाले. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावला. त्यांची नेमणूक होती तिसऱ्या बटालियनमध्ये. विशीतच ते नाईक झाले, म्हणजे दोन फितींचा मानकरी आणि एका सेक्शनचा प्रमुख.

सेक्शन ही पायदळातली सगळ्यात लहान तुकडी, साधारण दहा जणांची. त्यात कुणाच्या हातात काय असायचं हे नीट बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. बहुतेक जवानांकडे ली-एनफील्ड रायफल. तिची गोळी शेकडो मीटर जाते, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो. सोबत एक ब्रेन मशीनगन, दुरून मारा करून शत्रूला डोकं वर काढू न देण्यासाठी. आणि सेक्शन कमांडरकडे सबमशीनगन, अगदी जवळच्या झटापटीसाठी. थोडक्यात, लांबचं काम एका हत्याराचं आणि जवळचं काम दुसऱ्याचं, अशी वाटणी होती.

सबमशीनगन जवळचीच का? तर तिच्यात पिस्तुलाचं काडतूस वापरतात म्हणून. टॉमी गनचं खरं नाव थॉम्प्सन. अमेरिकन अधिकारी जॉन थॉम्प्सन यांना पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी असं हत्यार हवं होतं, पण ते तयार होईपर्यंत १९१८ साल उजाडलं आणि युद्ध संपलं. सुरुवातीला तिच्यात ब्लिश लॉक नावाची घर्षणावर चालणारी एक कुलूपरचना होती. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन वाढवायची वेळ आली तेव्हा इंजिनिअरांच्या लक्षात आलं की ती काढून टाकली तरी बंदूक उत्तम चालते. नळीचं मागचं तोंड बंद ठेवायला बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा जोर पुरेसा आहे. रचना सोपी झाली, खर्च घटला. पण ही सोपी पद्धत कमी दाबाच्या काडतुसालाच चालते. रायफलचं काडतूस असं पेलायचं तर बोल्ट इतका जड करावा लागेल की बंदूक उचलणंच अवघड.

आता आपल्या फर्स्ट इयरचं ½mv² काढा. थॉम्प्सनची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २८५ मीटर. ऊर्जा येते सुमारे ६०० ज्यूल. ली-एनफील्डची गोळी ११ ग्रॅमची, पण वेग ७४५ च्या आसपास; ऊर्जा ३००० ज्यूलच्या वर. हवेचा रोध सोडून दिला तरी थॉम्प्सनच्या गोळीला २०० मीटर जायला ०.७ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती जवळजवळ २.४ मीटर खाली येते. म्हणून ही बंदूक खऱ्या अर्थाने उपयोगाची पन्नास-शंभर मीटरच्या आत. तिथे मात्र तिला तोड नाही. मिनिटाला ७०० गोळ्यांचा वेग! पण त्याच वेगाने ३० गोळ्यांचं मॅगझिन अडीच सेकंदांत रिकामं होतं, आणि २० चं तर दोन सेकंदांच्याही आत.

१९४४ च्या जून महिन्यात दोस्त सैन्याने रोम घेतलं आणि जर्मन फौजा लढत लढत उत्तरेकडे सरकू लागल्या. इटलीत तेव्हा चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढत होत्या. यशवंतरावांची बटालियन दहाव्या डिव्हिजनबरोबर टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होती. डोंगराळ मुलूख. वर दबा धरून बसलेला शत्रू, आणि खालून चढत जाणारे आपले लोक.

१० जुलैला त्यांच्या कंपनीने एका भक्कम मोर्च्यावर हल्ला केला. यशवंतरावांचा सेक्शन पुढे सरकत असताना अगदी जवळून एका मशीनगनने आग ओकायला सुरुवात केली. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जवान ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले एकटे यशवंतराव. आपल्यामागे आता कुणी नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं. तरीही ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला. त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गनने तिथल्या आणखी एकाला टिपलं. समोर अजून दोघे होते आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना संपवलं. मोर्चा एकट्याने जिंकला, पण शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला.

आता आपल्या होस्टेलच्या भांडणाकडे येऊ. त्याच १९४४ साली जर्मनीत एका नव्या बंदुकीचं उत्पादन जोरात होतं. तिला आधी एमपी ४३, मग एमपी ४४ आणि अखेर स्टुर्मगेव्हेर ४४ हे नाव मिळालं. असॉल्ट रायफल हा शब्द याच जर्मन नावावरून आला. एमपी म्हणजे मशीन पिस्तूल. हिटलरचा नव्या रायफलीला विरोध होता, म्हणून ती सबमशीनगनच्या नावाखाली पुढे रेटली गेली. तिचा डिझायनर ह्यूगो श्मायसर, आणि १९१८ ची जर्मन सबमशीनगन एमपी १८ हीही त्याचीच.

खरी युक्ती काडतुसात होती. बहुतेक चकमकी ३००-४०० मीटरच्या आतच होतात, मग हजार मीटरची ताकद जवानाने उगाच का वाहायची? म्हणून रायफलचं काडतूस आखूड केलं. गोळी ८ ग्रॅमची, वेग ६८५ मीटर, ऊर्जा साधारण १९०० ज्यूल. पिस्तुलाच्या तिप्पट आणि रायफलच्या दोन तृतीयांशाहून कमी. तोच २०० मीटरचा हिशेब केला तर ही गोळी खाली येते जेमतेम ४० सेंटिमीटर. एवढा दाब नुसत्या बोल्टच्या वजनावर पेलत नाही, म्हणून नळीतला गॅस वापरून बोल्टचं कुलूप उघडणारी रचना केली. भाग बरेचसे पत्रा दाबून बनवलेले. पण लाखांच्या संख्येने निघालेल्या या बंदुका मुख्यतः रशियाच्या आघाडीवर गेल्या. मधल्या ताकदीच्या काडतुसाची हीच कल्पना पुढे एके-४७ मध्येही आली.

मग यशवंतरावांच्या हातात असॉल्ट रायफल असती तर? भावनेच्या भरात उत्तर देऊ नका. शेवटच्या त्या क्षणी काही फरक पडला नसता. तिचंही मॅगझिन ३० चंच, आणि संपल्यावर तेही बदलावंच लागतं. उलट चार-पाच किलोची, लाकडी दस्त्याची थॉम्प्सन, जिच्या वजनाला डोंगर चढताना जवान कंटाळायचे, ती तिथे सोट्यासारखी कामी आली. फरक पडला असता तो आधी. सेक्शन पडला तेव्हा रायफली आणि ब्रेनही गप्प झाल्या. वाटणीतलं लांबचं काम करणारं कुणी उरलं नाही. राहिलं ते फक्त जवळचं हत्यार, आणि ते चालवायचं तर जवळ जाणं भाग होतं. मधलं अंतर त्यांना स्वतःच्या छातीवर घ्यावं लागलं. दुरून मारणाऱ्या स्नायपरांना तर टॉमी गन उत्तर देऊच शकत नव्हती. असॉल्ट रायफलने ही दोन्ही कामं एकाच जवानाच्या हातात दिली. सोबतचे सगळे पडले तरी उरलेल्या एकट्याकडे निदान दोन्ही पल्ले राहतात. भुसावळचा मित्र म्हणूनच बरोबर आहे, पण धुळ्याच्या मित्राची टॉमी गनही त्या शेवटच्या वीस पावलांत खोटी ठरली नाही.

पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी मराठा रेजिमेंटला दुसऱ्या महायुद्धातला दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून दिला. तेही टॉमी गन घेऊनच मशीनगनवर गेले होते. हाताला जखम होऊन ती चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्बनी काम पुरं केलं. ते परत आले, १९८४ पर्यंत जगले. यशवंतरावांची मात्र कबर किंवा समाधीसुद्धा नाही. त्यांचं नाव कॅसिनो इथल्या स्मारकावर कोरलेलं आहे. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती दिला गेला.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच टायबर खोऱ्यातल्या मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाचं एक स्मारक उभारलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्यावर आहे. यशवंतरावांच्या हातून मेलेले ते जर्मनही कुणाची तरी पोरंच होती, हे त्या गावाला कळलं असावं.

आपल्या भुसावळजवळच्या वरणगावच्या फॅक्टरीत १९६४ पासून रायफलींची काडतुसं बनतात. त्या परिसरातले कितीतरी जण आपल्या कॉलेजात आहेत. यातले काही उद्या अशाच ठिकाणी नोकरीला लागतील. ग्रॅम, मीटर आणि ज्यूल हे तिथे पेपरातले आकडे नसतात. डोंगर चढणाऱ्या कुणा पोराला किती जवळ जावं लागेल, हे त्यावरून ठरतं.

आज रात्री गेममध्ये मॅगझिन बदलायचं बटण दाबाल, तेव्हा पळसगावच्या त्या २२ वर्षांच्या नाईकाची आठवण ठेवा. नाईक यशवंत घाडगे यांना मानाचा मुजरा!